चेक: बँकेतला, शर्टावरचा आणि पटावरचा

गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच संदेश आम्हाला सात-आठ जणांनी पाठवला. कुणी नात्यातले, कुणी जुने विद्यार्थी, एक-दोन या सदराचे वाचक. मजकूर थोडक्यात असा: इंग्रजीतला 'चेक' हा शब्द मुळात अरबी 'सक्क' आहे, बँकेचा चेक मुसलमानांनी जगाला दिला आणि ही गोष्ट आपल्यापासून लपवून ठेवली गेली. खाली 'प्रत्येक मुलापर्यंत पोहोचवा' अशी ताकीद. आणि तो पोहोचलाही. आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी वक्तृत्व स्पर्धेचे भाषण तयार करत होती. तिच्या कागदावर पहिलेच वाक्य हे होते. तिने विचारले, "सर, हे घालू ना?"

आम्ही म्हटले, आधी चेक करू. वर्गात हशा पिकला, पण त्या हशातच या महिन्याचा विषय मिळाला. कारण आम्ही वापरलेला 'चेक' आणि तिच्या कागदावरचा 'चेक' हे एकाच शब्दाचे दोन चेहरे आहेत, आणि शब्दाचे घराणे शोधायचे तर दोन्ही चेहरे एकत्र पाहावे लागतात.

आपल्या घरात हा शब्द दिवसातून किती वेळा येतो ते पाहा. "गॅस बंद केलास का, एकदा चेक कर," असे अम्मी सकाळी म्हणते. मुलगा चेक्सचा शर्ट घालून निघतो. एसटीत चेकर चढतो. नानांना महिन्याच्या चेकअपला न्यायचे असते. गावाच्या वेशीवर चेकनाका आहे. भाऊ परगावी गेला तर हॉटेलात 'चेक-इन' करतो. आणि बँकेतला चेक तर आहेच. मराठीत या कामांसाठी तपासणे, चौकडी, नाका, धनादेश असे वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजीने हा सगळा बोजा एकट्या 'चेक'च्या डोक्यावर दिला. (युरोपातल्या चेक प्रजासत्ताकाचा मात्र या कुटुंबाशी संबंध नाही. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणून आधीच सांगितलेले बरे.)

तपासणी, चौकडी आणि पैशाचा कागद यांचा आपसात काय संबंध? पाहायला गेले तर काहीच नाही. धागा सापडतो तो बुद्धिबळाच्या पटावर.

हा खेळ भारतात 'चतुरंग' होता. इराणात गेला आणि 'चतरंग' झाला. अरबांनी इराण घेतल्यावर त्यांच्या तोंडी तो 'शतरंज' झाला, कारण अरबीत 'च' नाही आणि 'ग'ही नाही. बगदादच्या खलिफांच्या काळात या खेळाला मोठी प्रतिष्ठा मिळाली. नवव्या शतकात अल-अदली, दहाव्या शतकात अस-सूली यांनी शतरंजवर किताबे लिहिली. शतरंज जायज की नाजायज हा मसला आलिमांचा आहे, त्यावर त्यांच्यात मतभेदही आहेत. आमचा विषय शब्दापुरता.

तर, खेळताना समोरच्याच्या राजावर मारा केला की तसे तोंडाने सांगण्याची रीत होती. गुपचूप राजा मारायचा नाही, आधी इशारा द्यायचा: "शाह!" म्हणजे, तुमचा बादशहा धोक्यात आहे, सांभाळा. ही हाक खेळाबरोबर अरबांच्या स्पेनमधून आणि सिसिलीमधून युरोपात गेली. लॅटिनमध्ये ती 'स्काकस' झाली, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक'. फ्रेंच बोलणारे नॉर्मन 1066 मध्ये इंग्लंडचे राज्यकर्ते बनले, त्यांच्या भाषेतले हजारो शब्द हळूहळू इंग्रजीत उतरले. 'एशेक'चे सुरुवातीचे 'ए' गळून पडले आणि उरला 'चेक'. इतकेच कशाला, खुद्द 'चेस' हे खेळाचे नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आले आहे. चेस म्हणजे शब्दशः 'शहा-शहा'. जर्मन माणूस या खेळाला 'शाख' म्हणतो, रशियन 'शाखमाती' म्हणतो. सगळीकडे तोच इराणी बादशहा.

'चेकमेट'मधला 'मेट' म्हणजे आपला 'मात'. पुष्कळ पुस्तकांत 'शाह मात' याचा अर्थ 'राजा मेला' असा दिलेला असतो, कारण अरबीत 'माता' म्हणजे मरण पावला. आम्हाला दुसरे मत जास्त पटते. फारसीत 'मात' म्हणजे हतबुद्ध, चकित, काही सुचेनासा झालेला. शतरंजमध्ये राजा कधी मारला जात नाहीच. त्याला हलायला जागा उरत नाही एवढेच, आणि तिथे डाव संपतो. अशा राजाला 'मेलेला' म्हणण्यापेक्षा 'निरुपाय झालेला' म्हणणे खेळाशी जास्त जुळते. गंमत अशी की आजचा इराणी खेळाडू शह देताना 'शाह' म्हणत नाही, तो 'कीश' म्हणतो, आणि डाव संपला की 'कीश व मात'. उत्तरेतल्या जुन्या उर्दू खेळाडूंच्या तोंडी 'किश्त' ऐकू येते ती याचीच बहीण. इराणने मागे ठेवलेली हाक इंग्रजांनी मात्र जपून ठेवली.

आता अर्थ कसा बदलत गेला ते पाहू. शह बसला की खेळाडूला हातातला बेत सोडून आधी राजाला वाचवावे लागते. तुमचा घोडा समोरच्याच्या वजिरावर कितीही चांगला टपलेला असो, शह बसला की थांबा. यातून इंग्रजीत 'चेक' म्हणजे एकाएकी आलेली अडवणूक, थांबवणे असा अर्थ आला. थांबवण्यातून लगाम घालणे आले. आपल्या नागरिकशास्त्राच्या तासाला सत्तेच्या तीन अंगांचे 'चेक्स अँड बॅलन्सेस' शिकवतात, तिथला 'चेक' हाच लगामाचा. लगाम ठेवायचा तर लक्ष ठेवले पाहिजे, हिशेब ताडून पाहिला पाहिजे. म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'चेक' म्हणजे तपासणे, पडताळणे हा अर्थही रूढ झाला. अम्मीने गॅस चेक करायला सांगितला तो या शेवटच्या पायरीवरचा. चेकनाक्यावर मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदतात: गाडी थांबवतातही आणि तपासतातही.

मुलांना इंग्रजी शिकवताना ही शिडी फार उपयोगी पडते. 'किप युअर अँगर इन चेक' या वाक्याचा अर्थ विचारला की वर्गातली निम्मी मुले 'राग तपासत राहा' असे लिहितात, कारण त्यांना चेकचा तेवढाच अर्थ माहीत असतो. पटावरचा शह एकदा दाखवला की 'राग आवरा' हे त्यांचे त्यांना सुचते.

शर्टावरच्या चौकड्यांची गोष्ट सोपी आहे. पटाला फ्रेंचमध्ये 'एशेकिए' आणि इंग्रजीत 'चेकर' म्हणू लागले. पटासारखे चौकोन ज्या कापडावर, ते चेकर्ड, आणि पुढे लाडात नुसते चेक. आपल्याकडच्या चौकडीच्या लुंगीवर घराघरात तो पट रोज अंथरलेलाच असतो.

खरी नवलाची गोष्ट मात्र याच पटावरून इंग्लंडच्या सरकारी तिजोरीत शिरली. बाराव्या शतकात, पहिल्या हेन्रीच्या काळी, इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजणारी एक कचेरी होती. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमासला, जिल्ह्याजिल्ह्याचे शेरीफ वसुलीचा हिशेब द्यायला तिथे येत. (हा 'शेरीफ' अरबी 'शरीफ' असेल असे वाटणे साहजिक आहे. पण तो 'शायर-रीव्ह', म्हणजे परगण्याचा कारभारी, या जुन्या इंग्रजी शब्दाचा आक्रसलेला रूपबदल आहे. कानाला सारखे लागले म्हणून नाते जुळत नाही. ही गोष्ट पुढे कामाला येईल.) त्या काळी तिथे आकडे रोमन पद्धतीने लिहीत. रोमन आकड्यांत शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. त्यांत बेरीज-वजाबाकी करून पाहा, लगेच घाम फुटेल. शिवाय हिशेब द्यायला आलेल्यांपैकी अनेकांना लिहिता-वाचताही येत नसे.

मग उपाय असा केला. सुमारे 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद मेज घ्यायचे, त्यावर रेघा आखलेले काळे कापड अंथरायचे. रेघांमुळे रकाने पडत: एक पेन्सचा, एक शिलिंगचा, एक पौंडाचा, पुढे विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. रकान्यांत सोंगट्या ठेवून आणि उचलून सर्वांच्या डोळ्यांदेखत हिशेब होई. एका बाजूला राजाचा खजिनदार, दुसऱ्या बाजूला शेरीफ, मध्ये चौकड्यांचे कापड. पाहणाऱ्याला शतरंजचा डाव वाटावा असेच ते दृश्य. 1170 च्या दशकात रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने या कचेरीच्या कामाविषयी एक ग्रंथ लिहायला घेतला. त्यात त्याने हीच उपमा दिली आहे: पटावर जशी दोन बाजूंची लढाई, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची. लॅटिनमध्ये पटाला 'स्काकारियम' म्हणत. कचेरीलाही तेच नाव पडले. फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत त्याचे 'एक्स्चेकर' झाले.

ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चान्सलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात. सरळ अर्थ लावला तर शतरंजच्या पटाचा मंत्री. 2019 मध्ये हे पद साजिद जाविद यांच्याकडे आले. त्यांचे आईवडील पाकिस्तानातल्या पंजाबातून ब्रिटनला गेलेले. त्यांच्यानंतर 2020 मध्ये ऋषी सुनक आले. घरी आईवडिलांच्या तोंडी ज्या भाषा, त्यांत 'शह' आणि 'मात' रोजचे, आणि पदाच्या नावात तोच शाह इतका वेष बदलून बसलेला की ओळखूच येऊ नये.

त्याच कचेरीत पावतीची एक अजब पद्धत होती. लाकडाच्या काठीवर रकमेइतक्या खाचा पाडायच्या आणि काठी उभी चिरायची. दोन्ही अर्ध्यांवर त्याच खाचा. मोठ्या अर्ध्याला 'स्टॉक' म्हणत, लहान अर्ध्याला 'फॉइल'. हिशेबाच्या दिवशी दोन्ही अर्धे एकमेकांना लावून पाहायचे. जुळले तर खरे. काठ्यांची ही रीत 1826 पर्यंत चालली. साठलेल्या जुन्या काठ्या 16 ऑक्टोबर 1834 रोजी पार्लमेंटच्या इमारतीतल्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, त्या इतक्या पेटल्या की पार्लमेंटच जळून गेले. लंडनचे आजचे प्रसिद्ध पार्लमेंट भवन त्या आगीनंतर बांधलेले आहे.

हे एवढ्यासाठी सांगितले की बँकेचा चेक या जुळवून पाहण्याच्या रीतीतूनच नाव घेऊन आला. इंग्लंडमध्ये सावकारावर चिठ्ठी लिहून पैसे देण्याची पद्धत सतराव्या शतकात चालू होती. 1659 सालची 400 पौंडांची अशी एक चिठ्ठी आजही जपून ठेवलेली आहे. पण तेव्हा तिला चेक म्हणत नव्हते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणत ते सरकारी हुंड्यांच्या स्थळप्रतीला, म्हणजे मागे राहणाऱ्या काउंटरफॉइलला. कुणी खोटा कागद आणला तर स्थळप्रतीशी ताडून पाहायचा. लबाडीला आळा घालणारा म्हणून तो 'चेक'. पुढे मागे राहणाऱ्या भागाचे नाव फाडून दिलेल्या भागाला लागले. तपासणीच्या 'चेक'मधून पैशाचा 'चेक' हा असा जन्मला. बँकेच्या चेकचे वेगळे स्पेलिंग ब्रिटनमध्ये नंतर स्थिरावले, त्यावर 'एक्स्चेकर'च्या स्पेलिंगची छाप आहे. 1820 च्या दशकात गिलबार्ट नावाच्या बँकेच्या जाणकाराने आपल्या पुस्तकात हे स्पेलिंग मुद्दाम घेतले, म्हणजे इतर 'चेक'शी घोटाळा होऊ नये. अमेरिकेने घोटाळ्याची पर्वा केली नाही. तिथे आजही बँकेचा चेक आणि तपासणीचा चेक एकाच स्पेलिंगने लिहितात.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे येऊ. 'सक्क' हा शब्द खरा आहे आणि मोठा मानाचा आहे. लेखी दस्त, कर्जाची कबुली, देण्याचा हुकूम, या सगळ्याला अरबीत सक्क म्हणत. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये मरवान बिन हकम यांच्या काळातला किस्सा आहे. लोकांना अल-जार या बंदरावरच्या धान्याबद्दल सक्क मिळाले होते आणि धान्य ताब्यात येण्याआधीच लोक ते कागद आपसात विकू लागले. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी मरवान यांच्याकडे जाऊन याला सूद म्हणून हरकत घेतली आणि मरवान यांनी शिपाई पाठवून ते कागद परत घ्यायला लावले. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल लिहितो की आफ्रिकेच्या वाळवंटातल्या औदगुस्त गावात त्याने 42,000 दिनारांच्या कर्जाचा सक्क पाहिला. आणि बँकेच्या चेकशी सर्वांत जास्त मिळतीजुळती गोष्ट पाहायची असेल तर नासिर खुसरो यांचे 'सफरनामा' पाहावे. 1051 च्या सुमारास ते बसऱ्याला होते. तिथल्या बाजारात माणूस आपली रक्कम सर्राफाकडे ठेवी, त्याची चिठ्ठी घेई आणि जे काही खरीदायचे त्याचे पैसे सर्राफावर चिठ्ठी लिहून देई. रोकड हातात घ्यावीच लागत नसे. इंग्लंडमधल्या त्या 1659 च्या चिठ्ठीच्या सहाशे वर्षे आधीची ही गोष्ट.

म्हणजे व्यवहार होता, पुरावाही भक्कम आहे. प्रश्न शब्दाचा. 'सक्क'मधून इंग्रजी 'चेक' निघाला असता तर वाटेत कुठेतरी त्याच्या खुणा असत्या: बँकेच्या कागदासाठी तो शब्द वापरणारी स्पॅनिश, इटालियन किंवा फ्रेंच कागदपत्रे. इंग्रजीत 'चेक'च्या प्रत्येक पायरीचे लिखाण सापडते, पट, अडवणूक, लगाम, तपासणी, स्थळप्रत आणि मग पैसे, आणि या शिडीची एकही पायरी गाळलेली नाही. मधेच दुसऱ्या भाषेतून शब्द येऊन बसायला जागा उरत नाही. उलट एक गोष्ट डोळ्यांत भरते. आखातात कामाला असलेल्या आपल्या कोकणातल्या भावांना विचारा, तिथल्या अरबी बँकेत चेकला काय म्हणतात? 'शीक'. अरबांनी आपला सक्क दस्तऐवजांसाठी ठेवला आणि चेकसाठी युरोपचा शब्द घेतला. युरोपच्या त्या शब्दात शाह दडलेला. घरातून हजार वर्षांपूर्वी निघालेला मुलगा परका पेहराव करून परतावा, तसा.

आणखी एक. सक्कवर अरबी कोशकारांनीच लिहून ठेवले आहे की हा शब्द मूळचा अरबी नाही. तो फारसी 'चक'चा अरबी अवतार, जसा 'चीन'चा अरबीत 'सीन' होतो. म्हणजे 'लिसानुल अरब'सारख्या कोशांना आपला शब्द फारसीचा आहे हे सांगताना काही कमीपणा वाटला नाही. त्याच सक्कचे बहुवचन 'सुकूक' आज इस्लामी रोख्यांसाठी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून येते. त्याला कुठल्या इंग्रजी शब्दाच्या वडिलकीची गरज नाही.

हे सगळे ऐकल्यावर त्या मुलीचा चेहरा उतरला. म्हणाली, "मग सर, भाषणात आपल्याकडे राहिले काय?" आम्ही तिला नासिर खुसरो यांचा बसऱ्याचा बाजार सांगितला आणि विचारले, आपल्या गावात दागिने घ्यायला कुठे जातेस? "सराफकट्ट्यावर." तो सराफ म्हणजे तोच सर्राफ. नाणी पारखणारा, रकमा सांभाळणारा, ज्याच्यावर चिठ्ठी लिहिली जाई तो. महाराष्ट्रात क्वचितच एखादे तालुक्याचे गाव असेल जिथे सराफांची पेठ नाही. हिंदू, जैन, मुसलमान, सगळे तिथे जातात आणि हा शब्द आपला म्हणूनच वापरतात. तिने पहिले वाक्य खोडले आणि सराफकट्ट्यापासून सुरुवात केली. परीक्षकांपैकी एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी तिला नासिर खुसरोंचे साल पुन्हा विचारले आणि आपल्या वहीत लिहून घेतले. बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळाले. त्या मुलाचा आवाज खरेच चांगला होता.

आता थोडे आपल्या घरातल्या भाषांबद्दल. फारसीतला शाह मराठीतही आला, तो इंग्रजीइतका लांबचा वळसा न घेता. शह, काटशह, शहकाटशहाचे राजकारण, मात करणे, हे सगळे पटावरचेच. उर्दूतही शह आणि मात आहेत. पण इथे एक खड्डा आहे आणि दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांनी तो ओळखून ठेवावा. मराठीत 'शह देणे' म्हणजे विरोधकाला अडवणे, आव्हान देणे. उर्दूत 'शह देना' याचा बोलण्यातला अर्थ नेमका उलटा आहे: पाठीशी उभे राहून फूस देणे, चढवणे. एका पालकसभेत एका वडिलांनी आपल्या मुलाविषयी मराठीच्या बाईंना सांगितले, "काय करू बाई, त्याला त्याच्या मामूची शह आहे." बाईंना वाटले, मामा मुलाला अडवतात. त्या म्हणाल्या, "मग छान आहे की! मामांनाच घेऊन या एकदा." वडील गोंधळून आमच्याकडे पाहू लागले. मामूंनीच तर मोबाइल घेऊन दिला होता!

एकाच शब्दाचे हे दोन उलटे अर्थ कसे, असे वाटेल. पटाजवळ उभे राहून पाहिले तर उलगडते. शह दिला जातो तो समोरच्या राजाला, पण तो देणाऱ्या मोहऱ्याला मागून दुसऱ्या मोहऱ्याचे जोर असतो, नाहीतर राजाच त्याला खाऊन टाकेल. मराठीने समोरच्या राजाची अडचण पाहिली, उर्दूने मागचा आधार. ही आमची समजूत आहे, कोशात अशी लिहिलेली नाही. पण मुलांना फरक लक्षात ठेवायला ती पुरते. लिंगही वेगळे: मराठीत 'तो शह', उर्दूत 'ती शह'. वरच्या वडिलांच्या वाक्यात 'मामूची शह' होते ते उर्दूच्या सवयीने.

राहता राहिले वापराचे. बँकेला इंग्रजीत अर्ज लिहिताना मुलांनी ब्रिटिश स्पेलिंगच लिहावे, आपल्याकडे कायद्यात आणि बँकेच्या छापील कागदांत तेच आहे. मराठी अर्जात 'धनादेश' लिहा किंवा 'चेक' लिहा, दोन्ही चालते. मात्र चेक 'पास झाला' म्हणण्यापेक्षा 'वटला' म्हणावे, हा आमचा हट्ट आहे. वटणे हे हुंडीच्या काळापासूनचे आपल्या बाजाराचे क्रियापद आहे आणि त्यात नेमका अर्थ आहे: कागदाचे पैसे झाले. अमेरिकेत शिकणारी नात जर फोनवर म्हणाली की हॉटेलात जेवून 'चेक' मागितला, तर तिने बँकेचे काही मागितले नाही; तिकडे जेवणाच्या बिलालाही चेक म्हणतात. आणि कुणी 'चेकर्ड करिअर' म्हटले तर ते कौतुक समजू नये. ज्याच्या कारकिर्दीत पटासारखी काळी-पांढरी घरे आहेत, कधी यश कधी अपयश, त्याला तसे म्हणतात.

पुढच्या महिन्यात 'टॅरिफ' घेऊ. रोज बातम्यांत असतो आणि उर्दूतल्या 'तारीफ'चा सख्खा भाऊ आहे. यावेळी संदेशात आलेली गोष्ट खरी निघाली आहे.